फुटबॉलची बंदी आणि माझा उखाणा

आमच्या ह्यांनी त्या दिवशी रेफ्रीला चिखलात ढकललं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. रेफ्री म्हणत होते, ढकललं. हे म्हणत, "मी त्याले उचलून राहिलो होतो." मैदानाभोवती उभ्या असलेल्या अर्ध्या लोकांनी एक पाहिलं, अर्ध्यांनी दुसरं. मी काहीच पाहिलं नव्हतं. पण तेव्हाच्या माझ्या तोऱ्याला एवढ्याशा गोष्टीची अडचण वाटत नसे. मी मराठी सातवी पास होते, विशी अजून गाठायची होती, आणि जगात मला न कळणारं काही आहे असा संशयदेखील मला आलेला नव्हता.

स्वातंत्र्य येऊन चार-सहा वर्षं झाली असतील. नागपुरात गिरण्यांचे भोंगे जोरात होते आणि प्रत्येक गिरणीला आपला फुटबॉलचा संघ हवा असे. आमचे हे कागदावर विणाई खात्यातले कामगार. खरं काम म्हणजे सेंटर फॉरवर्ड. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर मैदान गाठायचं. अनवाणी खेळत, घोट्याला कापडाची पट्टी बांधून. पगार हाताच्या नावाने मिळे, पण तो पायांचा होता हे आमच्या आख्ख्या इतवारी पेठेला माहीत होतं.

तर वळवाच्या पावसानंतरच्या त्या सामन्यात ह्यांनी मारलेला गोल रेफ्रींनी रद्द केला. लोक आत घुसले, धक्काबुक्की झाली, आणि पांढऱ्या कपड्यातले रेफ्री उठले ते काळे होऊन. शहरातल्या सामन्यांचा कारभार पाहणारं एक मंडळ होतं. त्याने थोड्याच दिवसांत निकाल दिला : या खेळाडूला दोन हंगाम बंदी. ह्यांना कुणी बोलावलं नाही, काही विचारलं नाही. बातमी कळली ती चहाच्या टपरीवर.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब उत्तरेकडचे. म्हणाले, "भई, खेलोगे नहीं तो हम तुम्हें रखें किसलिए?" हा हंगाम संपायच्या आत बंदी उठली नाही तर नाव कमी होणार.

आता ह्यांचं घराणं विणकरांचं. घरात सासऱ्यांचा हातमाग होता, तो चालवता आला असता. पण ह्यांनी बसून जे लुगडं विणायला घेतलं, त्याचा काठ असा वाकडातिकडा गेला की जणू तोही बचावाच्या खेळाडूंना चकवत पुढे निघाला होता. सासूबाईंनी ते कापड दोन्ही हातांनी वर धरून पाहिलं.

"माय वो! हे लुगडं हाय का कन्हान नदी?"

"शिकून राहिलो ना, बाई," हे म्हणाले. आईला ते बाई म्हणत.

"पायाचं पोट्टं हायेस तू. हातानं तुले काही जमत नाही. तू आपला जा अन् खेळ."

"खेळू देतील तं ना!"

त्या दिवसापासून ह्यांनी जेवणं अर्ध्यावर आणलं. संध्याकाळी मैदानाच्या दिशेने आरोळ्या ऐकू आल्या की उठून मागच्या दारी जाऊन बसायचे. पायाच्या बोटांनी मातीत खडे ढकलत राहायचे. असा माणूस वर्षभर घरात बसला तर त्याचं काय होईल, हे मला सातवी पास असूनही कळत होतं.

मग महाल भागातले एक वकील धावून आले. त्यांना फुटबॉलचं वेड होतं. ह्यांचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता, आणि बंदीमुळे त्यांचा हंगामही वाया जाणार होता. त्यांनी मंडळावर दिवाणी दावा ठोकला. आम्ही तिघं त्यांच्या बैठकीत सतरंजीवर बसलो. मी पदर सारखा करून, घसा साफ करून सुरुवात केली.

"तो गोलच होता, वकीलसाहेब."

"बाई, गोलचं सोडा."

"सोडा काहून? सारं भांडण तं गोलाचंच हाय."

"कोर्ट गोल मोजत नाही. ढकललं की नाही, तेही कोर्ट ठरवणार नाही. एकच गोष्ट ठरायची आहे. शिक्षा देण्याआधी मंडळाने ह्यांना बोलावून ह्यांचं ऐकून घेतलं का? फाशी द्यायच्या माणसालाही विचारतात, बाबा तुझं काय म्हणणं आहे. फुटबॉलवाल्याला नको का विचारायला?"

मला हे फार मिळमिळीत वाटलं. मी मनात म्हटलं, ह्या वकिलाला कायदा कमी कळतो.

काही दिवसांनी मंडळाचं उत्तर कोर्टात आलं. त्यात लिहिलं होतं की चौकशीच्या आदल्या दिवशी आमचा शिपाई घरी गेला, खेळाडू घरी नव्हता, तेव्हा निरोप त्याच्या पत्नीला तोंडी दिला, तिने तो सांगते म्हणून कबूल केलं, तरी खेळाडू आला नाही.

हे चक्क खोटं होतं. त्या दिवशी सासूबाई कन्हान गावी बहिणीकडे गेल्या होत्या. हे गिरणीत. घरात मी एकटी गच्चीवर कुरडया घालत होते आणि कावळे हाकत होते. कावळ्यांशिवाय कुणीही आलं नव्हतं.

वकीलसाहेब म्हणाले, "आता बाईंना साक्षीला यावं लागेल. कुणी आलं नाही, एवढंच सांगायचं."

एवढंच! मला साक्ष देण्याची संधी मिळाली होती आणि मी एवढंच सांगणार होते? मी घरी येऊन तयारीला लागले. माजघरात दोन तांबे मांडून त्यांचा गोल केला. लिंबाचा चेंडू. मागाच्या खांबाला जजसाहेब केलं. "मेहेरबान कोर्ट!" असं म्हणून एक हात वर करायचा, मग लिंबू दोन तांब्यांच्या मधून ढकलायचं आणि खांबाकडे वळून विचारायचं, "आता आपणच सांगा, ह्याले काय म्हणावं?"

सासूबाई दारात येऊन केव्हाच्या उभ्या होत्या.

"काय करून राहिली वं?"

"साक्ष देऊन राहिलो, आत्याबाई."

"कोणाची? लिंबाची?"

"गोलाची."

"तू कधी पाह्यला होता गोल?"

"पाह्यला नाही. पण समजते ना."

"बाप्पा! मंग त लय चांगलं हाय. आता ते लिंबू इकडे दे, वरणाले पायजे."

तारखेच्या दिवशी मी लग्नातलं लुगडं नेसून गेले. कोर्टात कोळशाच्या धुराचा, शाईचा आणि माणसांच्या घामाचा वास एकत्र येत होता. मंडळाच्या बाजूला कोट घातलेले चार जण, आमच्या बाजूला ह्यांचे संघातले सोबती, घामेजलेले, सुटी न घेता पळून आलेले. मला पिंजऱ्यात उभं केलं. मी हात वर करणार, "मेहेरबान" म्हणणार, इतक्यात कारकुनाने मान खाली ठेवूनच विचारलं :

"पतीचं नाव?"

झालं. सगळी तयारी तिथेच संपली.

आजच्या पोरींना हे सांगितलं की त्या माझ्याकडे बघतात, जणू मी शेपूट असलेल्या माणसांबद्दल बोलतेय. पण त्या काळी आम्ही नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसू. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने सांगितलेलं. ह्यांचं नाव देवाचं, त्यामुळे आरतीतही त्या ओळीला मी तोंड मिटून टाळ्या वाजवत असे. ते नाव मी इथेही लिहीत नाही. लिहायला घेतलं की पेन थबकतं, हसा हवं तर.

"पतीचं नाव?" कारकुनाने पुन्हा विचारलं.

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "ते काय, तिथे बसून राहिले."

"ते दिसतात हो. नाव सांगा."

"तुमच्या कागदावर लिहिलं हाय ना."

"तुमच्या तोंडून पाहिजे."

"यांनाच विचारा नं."

लोक खुसखुसायला लागले. जजसाहेब वयस्क होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, इथे घ्यायला हरकत नाही. हा कोर्टाचा हुकूम समजा."

मी तोंड उघडलं. नाव काही बाहेर पडेना. सातवी पास, मेहेरबान कोर्ट, लिंबू, तांबे, कशाचाही उपयोग होईना. शेवटी जजसाहेबांनाच दया आली असावी.

"बरं, मग उखाण्यात घ्या."

आता उखाण्यात घ्यायला बंदी नव्हती. मी डोळे मिटले आणि लग्नात घेतला होता तसा, हळदीकुंकवाच्या आवाजात, एका दमात म्हणून टाकलं :

"उभ्या-आडव्या धाग्यांनी लुगडं झालं तयार,
…चं नाव घेतो, ऐका कोर्ट सरकार!"

सगळं कोर्ट हसलं. मंडळाचे वकील तर टेबलावर हात आपटून हसले. ह्यांच्या संघातल्या एकाने "वाह रे भाभी!" म्हणून आरोळी ठोकली आणि पट्टेवाल्याने त्याला बाहेर काढलं. पुढे मला आमच्या वकिलांनी विचारलं, त्या दिवशी कुणी आलं होतं का. मी म्हटलं, "नाही. कावळे आले होते." मंडळाच्या वकिलांनी काही उलटतपासणीच केली नाही. अशा बाईला काय विचारायचं, असा त्यांचा चेहरा होता. माझी साक्ष संपली. गोलाबद्दल एक शब्द बोलता आला नाही.

परत येताना टांग्यात मी रडले. हे म्हणाले, "रडतं काहून? बोलली ना खरं."

"साऱ्या कोर्टानं हसून घेतलं."

"हसले तं हसले. मी तं त्या दिवसापासून पयल्यांदाच हसलो."

आणि खरंच, त्या रात्री त्यांनी पोटभर जेवण केलं. पण मला खात्री होती की दावा मीच बुडवला.

पुढल्या तारखेला मंडळाचा शिपाई साक्षीला आला. माझ्या साक्षीच्या वेळी तो बाहेर वऱ्हांड्यात होता, त्यामुळे आत काय तमाशा झाला, ते त्याला माहीत नव्हतं. माणूस बोलघेवडा. त्याने माझ्या दाराचा रंगही सांगितला, तो रस्त्यावरून कुणालाही दिसतो. आमचे वकीलसाहेब त्याच्याशी फार गोड बोलत होते. इतकं गोड की मला संताप आला. मी शेजारी बसलेल्या सासूबाईंना म्हटलं, "हा आपला वकील हाय का त्यांचा?"

"चूप वं," त्या म्हणाल्या. "उंदराच्या बिळापाशी मांजर कशी बसते माहीत हाय ना?"

"बरं, मला सांगा," वकील त्याला म्हणाले, "गल्लीत सारखीच घरं. घर ह्यांचंच, हे तुम्ही कसं ओळखलं?"

"बाईनंच सांगितलं ना साहेब."

"काय सांगितलं? आठवतं?"

"का नाही आठवणार! मी विचारलं, हे कोणाचं घर? बाई बोलली," आणि त्याने ह्यांचं आडनावासकट पूर्ण नाव घेतलं, "बोलली, ते माझेच मालक, कामावर गेले."

"म्हणजे बाईंनी नाव घेतलं."

"हो साहेब. साफ घेतलं. जाता जाता पुन्हा बोलली, मी …ना सांगतो." आणि पुन्हा तेच नाव.

"दोनदा घेतलं."

"दोनदा."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"साधं घेतलं की उखाण्यात?"

शिपाई गोंधळला. "उखाण्यात काहून घेईल? साधंच घेतलं."

आधी कोपऱ्यात कुणीतरी फस्सकन हसलं. मग कारकून. मग ह्यांचे सगळे सोबती. मंडळाच्या वकिलांनी कपाळाला हात लावला आणि कागदांत तोंड खुपसलं. जजसाहेबांनी लोकांना दटावायला हवं होतं, पण ते रुमालाने डोळे पुसत होते. मला मात्र काय घडलं ते अजून कळलंच नव्हतं! मी सासूबाईंना विचारलं, "काय झालं? पुन्हा मलेच हसून राहिले का?"

"अवं येडे," त्या म्हणाल्या, "जिंकलो आपण."

निकालाच्या दिवशी जजसाहेबांनी वाचून दाखवलं, त्याचा सारांश असा, की जी स्त्री शपथेवर, न्यायाधीशांनी सांगूनही पतीचं नाव सरळ घेऊ शकली नाही, तिने दारात अनोळखी पुरुषासमोर ते दोनदा घेतलं असेल, हे मानता येत नाही. शिपाई घरी गेलाच नाही. खेळाडूचं म्हणणं न ऐकता शिक्षा दिली, म्हणून बंदी रद्द. मंडळाला हवं तर त्याने रीतसर बोलावून नव्याने चौकशी करावी. मंडळाने ती हिंमत केली नाही.

कोर्टाबाहेर ह्यांच्या सोबत्यांनी ह्यांना उचललं. मग वकिलांना उचललं. मग माझ्याकडे वळले, तेव्हा सासूबाई मधे उभ्या राहिल्या. "खबरदार कोणी हात लावला तं! तिले मी उचलतो." काही उचललं नाही, पण तिथल्या ठेल्यावरची पहिली जिलबी माझ्या तोंडात घातली. आणि गिरणीच्या साहेबांनी नाव कमी करण्याचा विचार मुकाट्याने गिळला.

पुढल्या आठवड्यात हे मैदानात उतरले. मी आणि सासूबाई पहिल्यांदाच सामना बघायला गेलो. लकडगंजातल्या लाकडाच्या व्यापाऱ्यांनी बायकांसाठी फळ्या टाकून दिल्या होत्या. मी आजूबाजूच्या सगळ्या बायांना खेळ समजावून सांगू लागले. तो डावीकडचा गोल त्यांचा, तिथे चेंडू गेला की टाळ्या वाजवायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी कोर्टात गेलेली बाई मी.

मध्यंतरानंतर चेंडू डावीकडच्या गोलात गेला. मी उठून टाळ्या वाजवल्या, माझ्यामागे पंधरा-वीस बायांनी वाजवल्या. बाकी मैदान गप्प. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

अर्धा खेळ झाला की बाजू बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी हात मांडीखाली दाबून बसले. थोड्या वेळाने एकदम गलका झाला, धूळ उडाली, टोप्या उडाल्या. धुळीत मला एवढंच दिसलं की कुणीतरी अनवाणी पळत मधल्या रेषेकडे येतोय आणि तेच रेफ्री शिटी वाजवून मधोमध बोट दाखवताहेत. पण मी हलले नाही. बायाही माझ्याकडे बघत हात राखून होत्या. मी पुढच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "कोणाचा झाला हो?"

"तुमचाच, बाई! तुमच्या मालकाचा! आता तरी वाजवा!"

मग मी वाजवल्या.