सहा अँपिअरवर

आमच्याकडे विजेवरची गाडी आली तेव्हा पहिला पेढा मी शेजारच्या अप्पांना दिला. नांदूरघाटात अप्पांचं कापडाचं दुकान होतं. फुप्फुसं निकामी होत गेली तसं दुकान बंद झालं आणि अप्पा पुढच्या खोलीतल्या पलंगावर आले. नाकात नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, विजेवर चालणारं मशीन. मुलं दूर शहरात, घरात अप्पा आणि त्यांची बायको, आमच्या काकू, दोघंच. काकूंनी त्या पेढ्यातला चिमटीभर मोडून त्यांच्या जिभेवर ठेवला आणि उरलेला देवापुढे.

माझी नोकरी केजला. एसटीची वाट बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि स्वभाव पुरता बिघडला, म्हणून गाडी घेतली. भिंतीवर चार्जर बसवणाऱ्यानं सांगितलं, की मोबाईलवरून करंट कमीजास्त करता येतो. मी म्हटलं, कमी कशाला करायचा, असू द्या सोळा अँपिअरवर. संध्याकाळी आल्या आल्या वायर लावली की निजायच्या आत गाडी भरायची. तेवढ्या वेळात घरातले दिवे पिवळे पडायचे आणि पंखा दमल्यासारखा फिरायचा. व्होल्टेजचं रडगाणं आमच्या गावाला नवीन नाही, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष गेलं ते आवाजाकडे. वायर लावली की थोड्या वेळानं कुठून तरी बीप, बीप सुरू. चार्जरच बिघडलाय असं धरून मी त्या बसवणाऱ्याला फोनवर चांगलं झाडलं. तो बिचारा म्हणत होता, ताई, हा चार्जर असा आवाज करतच नाही. मी त्याला खोटारडा ठरवून मोकळी झाले. शेवटी माझा नवराच म्हणाला, अगं, आवाज भिंतीपलीकडून येतोय.

मी तशीच शेजारी गेले. व्होल्टेज पडलं की अप्पांचा स्टॅबिलायझर मशीन बंद करत होता, मशीन ओरडत होतं, आणि काकू नळी काढून कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या लोखंडी टाकीला जोडत होत्या. टाकीची चावी घट्ट बसलेली, ती फिरवायला त्या दोन्ही हातांनी जोर लावत होत्या. नळी लागेपर्यंत अप्पा डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून पडून होते. आमची दोन्ही घरं एकाच फेजवर, तीही लाईनच्या टोकाला. आमची गाडी भरत होती तोवर रोज संध्याकाळी या घरात हे चाललं होतं.

मला राग आला, आणि तो काकूंचाच आला. एवढं होतंय तर एका शब्दानं सांगायला काय झालं होतं, म्हणून मी तिथंच आवाज चढवला. काकू शांतपणे म्हणाल्या, "कावून सांगू माय? त्यांना कमीजास्त झालं तर तुज्याच गाडीत न्यायचं हाय. ती भरलेली नको का?"

एरवी माझं तोंड गल्लीत प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मात्र मी घरी येऊन आधी गाडीची वायर काढली.

वायरमनला बोलावून फेज बदलून बघितला, तर तिकडे याहून आनंद. मग एका रविवारी मी अंगणात मोबाईल धरून उभी राहिले आणि नवरा अप्पांच्या स्टॅबिलायझरवरचं व्होल्टेज बघत. मी आकडा एकेक घर खाली आणत होते आणि तो भिंतीवरून सांगत होता: अजून हलतंय, अजून हलतंय. दहावर मशीन चालू राहिलं, पण मध्येच चाचरायचं. सहावर आणलं आणि ते एका लयीत चालायला लागलं. अप्पांनी पलंगावरूनच हात वर करून पुरे म्हणून सांगितलं.

माझे वडील मेंढरं राखायचे. कळपात एखादी आजारी असली की पुढच्यांना काठी आडवी लावून ते अख्खा कळप तिच्या पायानं चालवत. मुक्कामाला पोचायला अंधार व्हायचा, आणि लहानपणी मला त्यांचा संताप यायचा. आता तीच काठी माझ्या हातात आली होती.

सहावर गाडी सकाळपर्यंत वायरला लटकलेली असायची. नवरा विचारायचा, हिला सलाईन लावलंय का. वीज गेली तर ती अर्धीच राही. अप्पांसाठी अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंत जाऊन यायला पुरेल एवढी ती कायम भरलेली हवी, म्हणून ज्या दिवशी कमी वाटेल त्या दिवशी मी गाडी घरी ठेवून निघायची. ज्या एसटीला कंटाळून गाडी घेतली, त्याच एसटीच्या दांड्याला पुन्हा लोंबकळायची. चिडचिड व्हायची. खोटं कशाला सांगू, एकदा तर मनात आलं, की हे किती दिवस चालायचं. मग माझीच मला लाज वाटली.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी अप्पांचे ओठ निळे पडले. आम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवलं, छोटी टाकी काकूंच्या पायांत. गाडी भरलेली होती. वाटेत अप्पांनी कष्टानं विचारलं, "गाडी चालू हाय का बंद?" आवाज येत नव्हता म्हणून. मी म्हटलं, चालू आहे अप्पा, तुम्ही फक्त श्वास घ्या. त्या खेपेला ते परत आले. पण उन्हाळा सरता सरता, जेवणाच्या वेळी, काकूंच्या हातची कण्यांची पातळ कण्हेरी ओठाला लागलेली असताना गेले. ना गाडी काढावी लागली, ना टाकी. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली.

चार्जरला मात्र मी हात लावला नाही. आकडा वाढवणं म्हणजे शेजारच्या घरात आता कोणी नाही असं आपणच जाहीर करणं, असं मला वाटायचं. काकूंच्या मनाला किती लागेल ते, या विचारानं मी तो सहावरच ठेवला.

मुलं आपापल्या गावी परतल्यावर एका सकाळी काकू आमच्या दारात आल्या. कपाळाला भस्म, डोळे सुजलेले. गाडीला अजून वायर होती आणि चार्जरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, अजून कमीवरच ठेवलंयस का. मी मान हलवली.

"वाढव माय आता. दिवा सकाळपस्तोर जळताना दिसतो, तर वाटतं त्यांना लागतंय अजून. मी उठून टाकीपाशी जाते गं."

मी त्यांच्यासमोरच मोबाईल काढला. डोळ्यांना आकडा नीट दिसत नव्हता. काकू शेजारी उभ्या राहून वाट बघत होत्या. मी सोळा केलं.