शेण दे दाम

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत, त्यातले निम्मे दिवस जवळा वाळवण्यात गेले. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण मिस आता कॅनडाला लेकीकडे गेल्या, आणि त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं नाही तर मी विसरेन अशी भीती वाटते.

मिसना आठच्या पुढे मोजता येत नसे. म्हणजे येत असणार, जन्मभर मराठी शाळेत शिकवत होत्या. पण मी वीस बोंबील मोजून दिले की त्या पुन्हा मोजायच्या, “एक, दोन, तीन…” आठपर्यंत गेल्या की परत एकपासून. शेवटी म्हणायच्या, “दोन आठ आणि अर्धा. बरोबर.” घराच्या पायऱ्या चढतानाही तेच. नवव्या पायरीला त्या “एक” म्हणायच्या. मला वाटायचं, म्हातारीचं काहीतरी हललंय. पैसे मात्र चोख द्यायच्या, म्हणून मी कधी बोलले नाही.

मी मढची कोळीण. पाटी घेऊन मालाडला यायची, ठरलेली घरं होती. माझा स्वभाव फार लाजरा. लग्नाकार्यात मी भिंतीला चिकटून उभी राहते. पण पाटी डोक्यावर असली की आवाज माझा राहत नाही, तिसऱ्या मजल्यावरची बाई खिडकी उघडते. पाटी उतरवली की तोंडातून शब्द निघत नाही. मिस म्हणायच्या, “सुनंदा, तुझा आवाज तू पाटीत ठेवतेस की काय?”

एका शनिवारी मिस घरी नव्हत्या. शेजारीण म्हणाली, चर्चमागच्या हॉलमध्ये बघ. गेले तर काय, सात माणसं चौकोन करून उभी, आणि आठव्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची. मिस टाळ्या वाजवत होत्या आणि ती मोठी माणसं खुर्चीला वाकून नमस्कार करत होती. मला हसू आवरेना. मिसनी मागे वळून बघितलं. म्हणाल्या, “पाटी ठेव. हात धू. उभी राहा.”

“मी? मिस, मला नाही येत.”

“खुर्चीला तरी कुठे येतंय?”

अशी मी खुर्चीच्या जागी आले.

तो नाच क्वाड्रिल. दोनशे वर्षांपूर्वीचा, तिकडे फ्रान्समधला. चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना. इंग्रज साहेबाबरोबर तो इकडे आला आणि मिसच्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नात मांडवाखाली राहिला. मिसची आई त्याचे हुकूम द्यायची. पुढचा डाव काय ते एकाने ओरडून सांगायचं आणि आठांनी करायचं, अशी पद्धत. पण मिसची नातीगोती एकेक करून परदेशी गेली. कधी सात जमायचे, कधी पाच. पुरे आठ कधीच नाहीत. मिसनाही लेक बोलवत होती, नाताळ झाला की जायचं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, “जायच्या आधी एकदा पुरा सेट बघायचाय मला. आठ पुरे झाले की मी सुटले.” तेव्हा मला त्यांचं मोजणं कळलं.

हुकूम सगळे फ्रेंचमध्ये. मला ऐकू येईल तसे मी वहीत लिहायची. जोडीदारासमोर डावी-उजवीकडे झुलायचं त्याला मिस म्हणायच्या ‘बालांसे’. मी लिहिलं, बाळ हसे. पाठीला पाठ लावून फिरायचं ते ‘दो सा दो’, मी लिहिलं, डोसा दो. आणि समोरासमोरच्या दोन बायकांनी एकमेकींना उजवा हात देत जागा बदलायची, तो ‘शेन दे दाम’. मी लिहिलं, शेण दे दाम. आमच्या सासूबाई गोवऱ्या विकत घ्यायच्या, म्हणून मला वाटलं असेल काहीतरी, शेण द्या आणि दाम घ्या.

मी हे पुटपुटत नाचायची. एक दिवस समोरच्या चष्मेवाल्या मॅडमनी ऐकलं आणि त्या हसून खालीच बसल्या. सगळ्यांना कळलं. माझे कान गरम झाले, आता पाटी उचलून पळावं असं झालं. मिसनी वही मागितली. त्यांच्या पर्समध्ये नेहमी लाल पेन असायचं, मेनूकार्डावरच्या चुकासुद्धा त्या सोडत नसत. त्यांनी पूर्ण पान वाचलं. पेन बंद केलं.

“ह्यात काही चुकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सगळ्यांना फ्रेंच येतं आणि पाय चुकतात. हिचा एकदा तरी चुकला?” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “दाम म्हणजे बाई गं. मानाची बाई. पैसा नव्हे.”

त्यानंतर सगळेच मुद्दाम बाळ हसे म्हणायला लागले.

खरी अडचण हाताची होती. शेण दे दाममध्ये चष्मेवाल्या मॅडमना मला हात द्यावा लागायचा आणि त्या नुसती बोटांची टोकं द्यायच्या. मासळीचा वास लिंबाने घासला तरी जात नाही. टोकं धरली की वळताना तोल जातो, मीही मग हात आखडता घ्यायची. मिसनी बघितलं होतं, पण मॅडमना त्या काही बोलल्या नाहीत. माझा जोडीदार मात्र त्यांनी बदलला, निवृत्त बँकवाले काका दिले. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, तुम्ही बिनधास्त हात द्या. माझं नाक करोनात गेलं ते परत आलंच नाही.” मिस तिकडे तोंड फिरवून हसत होत्या.

फुकट शिकवणं मिसना मान्य नव्हतं. “फुकटचं पायात उतरत नाही,” म्हणायच्या. महिन्याला शंभर रुपये, सगळ्यांना सारखे. मी म्हटलं, बोंबलातून वळते करा. त्या म्हणाल्या, “बोंबलाचे मी देणार, नाचाचे तू देणार. मिसळायचं नाही.” तेव्हा मासेमारीची बंदी होती, होड्या किनाऱ्याला. बंदी उठली तर आमच्या होडीचं इंजिन बसलं. देते, देते म्हणत मी दर शनिवारी मान खाली घालून जायची. मिसनी एकदाही आठवण केली नाही, सूटही दिली नाही. सूट दिली असती तर बहुतेक मी जायची थांबले असते.

नाताळाच्या आधीच्या रविवारी हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. मी म्हटलं, मिस, माझ्याकडे झगा नाही. त्या म्हणाल्या, “त्या काळच्या बायकांचे झगे तुझ्या लुगड्याहून जड होते. तुझं हिरवं लुगडं नेस, अबोली माळ आणि ये.” घरी जाऊ बोललीच, “मडमीन झाली गं आमची बाय!” पण ती कोळीवाड्यातल्या चार बायका घेऊन आली आणि मागच्या बाकावर बसली.

हॉल भरलेला. मिस खुर्चीवर, हातात माईक. पहिले दोन डाव छान झाले. तिसरा सुरू झाला, त्याला फ्रेंचमध्ये कोंबडी म्हणतात. मिसनी हुकमाला तोंड उघडलं आणि त्यांना खोकला आला. साधा नाही, थांबेचना. माईक मांडीवर पडला. गाणं पुढे चाललेलं. एक जोडी उजवीकडे गेली, एक डावीकडे, दोघांची टक्कर झाली. कुणीतरी हसलं. मी मिसकडे बघितलं. पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात होता आणि त्या पीत नव्हत्या, आमच्या चौकोनाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“आता काय?” काका कुजबुजले.

आता काय ते मला माहीत होतं, वहीच्या दुसऱ्या पानावर होतं. पण तोंड उघडणार कोण? इतकी माणसं. मग मागच्या बाकावरून जाऊ ओरडली, “सुनंदे, पाटी डोक्यावर हाय समज!”

“बाळ हसे!” मी ओरडले.

तिसऱ्या मजल्याचा आवाज. सगळा हॉल माझ्याकडे वळला. पण आमचे आठही जण झुलायला लागले.

“डोसा दो!” पाठीला पाठ लागली, फिरली, सुटली. लोक हसायला लागले, पण ते वेगळं हसणं होतं. “शेण दे दाम!” मी उजवा हात पुढे केला. चष्मेवाल्या मॅडमनी तो पुरा धरला, मनगटापर्यंत, घट्ट, आणि आम्ही दोघी अशा वळलो की माझ्या लुगड्याचा काठ वाजला.

शेवटच्या डावापर्यंत हुकूम मीच दिले. संपलं तेव्हा आठ जण आठ जागी उभे होते. मिस माईकशिवाय मोजत होत्या, बोट दाखवून, एकेकाला. माझ्यापाशी आल्यावर आठ झाले. मग टाळ्या. लोकांनी पुन्हा नाचायला लावलं, तेव्हा मिसना आवाज परत आला होता. तरी त्या म्हणाल्या, “हुकूम सुनंदा देईल.” आणि हॉलमधली पोरंटोरंसुद्धा माझ्याबरोबर शेण दे दाम ओरडली.

मिस जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सगळ्या खोलीत पेट्या होत्या. नाताळात पापलेटला भाव चांगला मिळाला होता. मी कनवटीची घडी सोडून नाचाच्या थकलेल्या शंभराच्या नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्या मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. आठवर थांबल्या. या वेळी वर काहीच उरलं नाही, परत एकवर यावं लागलं नाही.

“पुरा सेट,” त्या म्हणाल्या. मग माझी वही मागितली, लाल पेन काढलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं. मी वाचलं. ‘दाम पोचली.’

मला जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याची चूक दिसली. “मिस, ‘दाम पोचले’ असं पाहिजे ना?”

“सुनंदा,” त्या म्हणाल्या, “मी कधी चुकीचं मराठी लिहिते का?”

ही दाम पैशाची नव्हे हे मला कळायला थोडा वेळ लागला. तोवर त्यांनी खाली सही केली होती आणि सहीच्या वर लिहिलं होतं, आठ महिन्यांचे आठशे रुपये पूर्ण मिळाले, बाकी काही नाही.