आत्याची साक्ष

वडिलांनी डोलवीच्या पोलाद कारखान्यातल्या एका ठेकेदाराला शब्द देऊन ठेवला होता: ही मुलाखत गेली, तर मुलगा पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडे शिफ्टला. मला मात्र सॉफ्टवेअरच करायचं होतं. तोवरच्या सगळ्या मुलाखतींत माझी पद्धत एकच होती. जे येत नाही, त्यावर भरपूर बोलायचं.

वरसेला आमच्या घरी नेट ऐन वेळी दगा देतं, म्हणून मुलाखतीसाठी पेणला आत्याकडे गेलो. आत्याचा पापडांचा धंदा. लाटायला आलेल्या बायकांना तिनं बजावलं, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे, हूं की चूं करायचं नाही. त्यांनी लाट्या झाकून ठेवल्या आणि माझ्या खोलीच्या उघड्या दाराबाहेर चिडीचूप बसल्या. एकीनं तर हातच जोडले होते.

पहिलाच प्रश्न सोपा होता, त्यामुळे त्याची तयारीच केली नव्हती; तो मला आला नाही. मी बोलत सुटलो आणि नजर सारखी दाराकडे. स्क्रीनवरचे साहेब पुण्याचे. त्यांनी शांतपणे विचारलं, खोलीत कुणी उत्तरं सांगतंय का? जरा लॅपटॉप फिरवून दाखवा.

फिरवला. दारात लाटणी घेतलेल्या बायका आणि सगळ्यांच्या पुढे आत्या. चोरीचा आळ आलाय एवढं तिला कळलं आणि ती तापली.

"ओ साहेब, कोनी सांगत असतं तर इतका अडखळला असता का तो? त्याला येत नाय, ते आमाला पन दिसतंय."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. साहेबांनी हसू दाबत विचारलं, खरं का? आता झाकायला उरलं काय होतं? म्हटलं, हो, हे नाही येत. मग काय येतं, त्यांनी विचारलं. आत्याच्या पापडांच्या ऑर्डरींसाठी मी एक अ‍ॅप केलं होतं. लाज वाटून ते बायोडेटात घातलंच नव्हतं. तेच उघडून दाखवलं, कुठे फसलो होतो तेही सांगितलं. त्यानंतर गप्पा मारल्यासारखी मुलाखत झाली.

आठवड्यानं निवड झाल्याचा मेल आला. वडिलांनी ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं. मी आत्याला फोन लावला आणि सांगताना मला रडूच आलं.  ती काळजीनं म्हणाली, "येत नाय हे समजून पन घेतला तुला? कंपनी नीट हाय ना रे?"