वर्ष सरायच्या आधीचा केक

आधीच सांगून टाकते, त्या केकचा मला आजही पश्चात्ताप नाही. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांनी पुष्कळ वाट बघितली, की ही कधीतरी म्हणेल, चुकलंच माझं, दुःखात भान राहिलं नाही. भान अगदी जागेवर होतं. मैदा दोनदा चाळून घेण्याइतकं जागेवर होतं.

नवरा भाद्रपदात गेला. चार्टर्ड बसने ऑफिसातून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा चौतिशीची, मुलगी सात वर्षांची. दिल्लीत मयूर विहारच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. तो केंद्र सरकारच्या नोकरीत होता, त्याच्या जागी मला घेतलं, आणि दिवाळीनंतर मी त्याच बसने त्याच ऑफिसात जायला लागले. मुलीला सांभाळायला पुण्याहून सासूबाई आधीच आल्या होत्या, आणि सासूबाईंना सांभाळायला माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांना मी वन्सं म्हणते.

वन्सं कामाला वाघ. खोटं कशाला बोलू? मी संध्याकाळी घरी यायचे तर कणीक मळलेली, कपडे घड्या घातलेले, मुलीचा गृहपाठ झालेला. पण त्यांच्या बॅगेतून नियमही आले. पहिलं वर्ष आहे, घरात सण नाही. कढई चढवायची नाही. नवं कापड नाही. दिवाळीचा फराळ आपण करायचा नसतो, तो इथल्या मराठी मंडळातल्या एका ओळखीच्या बाईंनी आणून दिला आणि आम्ही चौघींनी मुकाट्याने खाल्ला. मी सगळ्याला मान डोलावत गेले. भांडायला अंगात जोरच नव्हता.

सासूबाईंनी तर बोलणंच सोडलं होतं. बाल्कनीतल्या खुर्चीत बसायच्या, समोर चालू असलेलं नव्या बिल्डिंगचं बांधकाम बघत. स्वयंपाकघरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

आणि मुलगी शहाणी झाली.

माझी मुलगी म्हणजे एक नंबरची भांडकुदळ. पेन्सिल हवी तर हीच, भाजी नको म्हणजे नको, कार्टून लागलं की घर डोक्यावर. बाप हसायचा आणि मी ओरडायचे. आता टीव्ही बंद कर म्हटलं की बंद. दुधीची भाजी वाढली की दुधीची भाजी. बुटाला भोक पडलेलं तिने सांगितलं नाही, मोज्यावरच्या चिखलामुळे मला कळलं. येणारा-जाणारा म्हणायचा, किती समजूतदार आहे हो पोर! त्या शब्दाची मला चीड यायला लागली होती. सात वर्षांच्या मुलीने कसली समज दाखवायची?

फेब्रुवारीत तिचा वाढदिवस. तिच्या शाळेत मुलं वाढदिवसाला रंगीत कपडे घालून जातात आणि वर्गात टॉफ्या वाटतात. आदल्या दिवशी मी विचारलं, "टॉफ्या कुठल्या आणू गं?"

ती दप्तर भरत होती. वर बघितलंसुद्धा नाही. "नको. आपल्याकडे यंदा नसतं ना."

रडून म्हणाली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती अगदी सहज म्हणाली, पाणी नको म्हणावं तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'यंदा' हा शब्दसुद्धा तिचा नव्हता. दिल्लीत वाढलेली पोर ती, 'ह्या साली' म्हणायची. माझ्या लेकीच्या तोंडून वन्सं बोलत होत्या आणि मी बाजूला बसून ऐकत होते. त्याच क्षणी मी ठरवलं, उद्या ह्या घरात केक होणार. चॉकलेटचा होणार. बघू कोण अडवतं.

चॉकलेटचाच का, तर आमच्याकडे तो बापलेकीचा कार्यक्रम होता. बाजारात तेव्हा नवं नवं काय काय यायला लागलं होतं. काचेच्या दाराची दुकानं, परदेशी चॉकलेटच्या वड्या. नवऱ्याला त्याचं भारी वेड. एकदा बोनस मिळाला तेव्हा तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन घेऊन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला, आणि कोकोचा डबा. ह्या माणसाला चहा धड करता यायचा नाही, पण मुलीच्या वाढदिवसाला बाही वर करून मिश्रण फेटायला उभा! मिश्रण ओतून झालं की दोघं रिकामं भांडं घेऊन जमिनीवर बसायची. तो चमच्याने भांड्याच्या बरोबर मधोमध रेघ मारायचा. इकडचं तुझं, तिकडचं माझं. मग जी मारामारी व्हायची! ती रेघ सरकवायची, तो बोंब मारायचा, आणि मी केकवर लक्ष ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मला सुट्टी, तिला शाळा. ती युनिफॉर्म घालून गेली, बाकीच्या दिवसांसारखी. दार लागलं तशी मी पदर खोचला आणि कोकोचा डबा काढला. तो त्यानेच आणलेला, अर्धा भरलेला. झाकण उघडलं आणि तो वास आला, आणि मला हुंदका आला, तो आवरला. रडत बसले असते तर केक झाला नसता.

मी लोणी-साखर फेसत होते तेवढ्यात वन्सं आल्या. "हे काय चाललंय?"

"केक करतेय. चॉकलेटचा."

"अगं, वर्ष सरलं नाही अजून."

"माहीत आहे. माझाच नवरा गेलाय."

"यंदा घरात काही करायचं नसतं. कढई चढवायची नसते."

"कढई नाहीच चढवत. ओव्हन लावतेय. ओव्हनबद्दल शास्त्रात काही लिहिलंय का? असेल तर दाखवा."

"आणि अंडी?"

"अंडीही घालणार."

"हद्द झाली बाई तुझी! आईला काय वाटेल, ह्याचा तरी विचार कर. तिचा मुलगा गेलाय."

हे त्यांचं हुकमाचं पान. दरवेळी मी इथेच गप्प बसायचे. त्या दिवशी नाही बसले. म्हटलं, "वन्सं, चौदाव्या दिवशी तुम्हीच मला बळेबळे गोडाचा घास भरवलात. मला गिळवत नव्हता, तरी भरवलात. जो आहे त्याने जगायचं असतं म्हणालात. तेव्हा ते शास्त्र होतं ना? मग आज मी माझ्या पोरीला घास भरवायला निघाले तर त्याला काय म्हणायचं?"

त्या म्हणाल्या, "वास येईल जिन्यात. लोक काय म्हणतील?"

मी हातातला चमचा खाली ठेवला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मग जाऊन जिन्याचं दार सताड उघडलं आणि ते परत लागू नये म्हणून त्याला वहाण लावली. "जाऊ दे वास. खालपर्यंत जाऊ दे. सगळ्यांना कळू दे, ह्या घरातल्या मुलीचा आज वाढदिवस आहे."

वन्संचा चेहरा उतरला. आज कळतं, त्यांचाही भाऊ गेला होता, आणि धरून ठेवायला त्यांच्याकडे ते नियमच होते. पण तेव्हा मला कळलं नाही आणि कळलं असतं तरी मी केक केलाच असता.

मिश्रण केकच्या डब्यात ओतलं, वर चॉकलेटचे तुकडे पेरले, ओव्हन लावला. रिकामं भांडं ताटली झाकून ओट्यावर ठेवलं, मुलीसाठी. थोड्या वेळाने वास सुटला. बाल्कनीपर्यंत गेला असणार, पण सासूबाईंची खुर्ची काही हलली नाही. समोरच्या पंजाबी आंटी उघड्या दारातून डोकावल्या. मी कंबरेवर हात ठेवून उभी, म्हणजे ही काही बोलली तर तिलाही ऐकवायचं. त्या एवढंच म्हणाल्या, "बिटिया का बर्थडे है ना आज? शाम को आऊँगी." आणि गेल्या.

मी काचेतून बघितलं. केक फुगायला लागला होता, मध्ये अजून ओला. आणि लाइट गेली.

पूर्व दिल्लीतली लाइट ती. गेली की कधी येईल, देव जाणे. मी खटका वर-खाली केला, प्लग काढून लावला, कपाळाला हात लावला. काचेमागे केक हळूहळू खाली बसताना मला दिसत होता. वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर मला सरळ दिसलं: बघ, देवालाही नको आहे. आणि खरं सांगते, त्या वेळी माझा धीर सुटला. सकाळपासून अंगात आलेलं सगळं बळ गेलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला वाटलं, जाऊ दे. नसतंच आपल्याकडे यंदा काही.

"मोठा कुकर काढ."

मागे सासूबाई उभ्या होत्या. मी बघतच राहिले.

"कुकर काढ गं, काय बघतेस? शिटी काढ, रिंग काढ. तळाला मीठ पसर जाडसर. गॅस आहे ना?" पाच महिन्यांत त्या सलग इतकं बोलल्या नव्हत्या. "आम्ही नानकटाई करायचो घमेल्यात वाळू तापवून. तेव्हा कुठे होती तुमची लाइट?"

वन्सं म्हणाल्या, "आई, तू पण?"

"अर्धवट शिजलेलं अन्न फेकू का? ते बसतं का तुझ्या शास्त्रात?" त्यांनी स्वतः फडक्याने डबा उचलला आणि कुकरात ठेवला. मग स्टूल ओढून गॅससमोर बसल्या आणि आच बारीक-मोठी करत राहिल्या. मी मध्ये हात घातला तर म्हणाल्या, "सर तिकडे."

केक निघाला तो मध्ये खोलगट, एका बाजूला करपलेला. त्याला बेकरीवाल्याने दारात उभं केलं नसतं. सासूबाईंनी त्यात विणायची सुई खुपसून बघितली आणि म्हणाल्या, "झालाय."

मुलगी शाळेतून आली. जिन्यात तिची पावलं ऐकली मी. रोज ती हळूहळू चढायची, आज पहिल्या मजल्यावरून धावत सुटली. उघड्या दारातून आत आली, दप्तर पाठीवर, गाल लाल. केक बघितला. आणि लगेच आत्याकडे बघितलं.

"आत्या, चालतं?"

त्या दोन शब्दांनी माझं काळीज तुटलं. वन्संनी मान फिरवली. मी म्हणाले, "इकडे बघ, मला विचार. मी तुझी आई आहे. चालतं."

ती हळूच ओट्याशी आली. केकला हात लावला नाही. काहीतरी शोधत होती. मग तिची नजर फळीवर गेली, तिथे भांडं पालथं घातलं होतं, धुऊन, लख्ख. कुकरच्या गडबडीत वन्संनी सगळी भांडी घासून टाकली होती. रिकामं भांडं दिसलं की हात चालतो त्यांचा.

"धुतलं?" मुलगी म्हणाली. "भांडं धुतलं?"

आणि मग जे काही झालं! दप्तर फेकलं, बूट फेकले, एक बूट कणकेच्या डब्यावर आपटला. "यार आई! माझं होतं ते! दरवर्षी माझं असतं! कोणी धुतलं? का धुतलं? मला नको तो केक, गंदा आहे तो, टेढा आहे, मला भांडं हवंय!" ती जमिनीवर बसून पाय आपटत होती. पाच महिने आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं, बाबा, बाबा करत, नाक-डोळे एक करून. वन्सं घाबरून म्हणत होत्या, "अगं मला काय माहीत, मी आपलं सहज..." आणि मी? मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! माझी पोर परत आली होती. हट्टी, भांडकुदळ, माझी.

मी कोकोचा डबा उघडला. तळाला होता तेवढा सगळा पालथा केला, पुन्हा मैदा चाळायला घेतला.

"आता पुन्हा?" वन्सं म्हणाल्या.

"हो. पुन्हा."

वन्संनी त्या दोन्ही केकचा कणही तोंडात घातला नाही, आणि पुण्यात सगळ्यांना सांगितलं. सांगू देत. त्यांचा हक्क आहे.

दुसरं मिश्रण डब्यात ओतलं, सासूबाईंनी ते कुकरात सरकवलं, आणि मी भांडं मुलीच्या पुढ्यात ठेवलं. ती अजून मुसमुसत होती. तिने चमचा घेतला आणि भांड्याच्या बरोबर मधोमध रेघ मारली. आम्ही तिघी बघत होतो. तिने आपली बाजू चाटून साफ केली, अगदी रेघेपर्यंत. मग थांबली. पलीकडची बाजू तशीच होती, चॉकलेटने भरलेली. मला वाटलं, आता ही कोसळणार.

तिने वर बघितलं. आत्याकडे नाही, माझ्याकडे. नाक पुसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबांचं पण मीच खाणार."

"खा," मी म्हणाले. "सगळं खा."