व्हॅनची दारं शांत केली तेव्हा

माझी व्हॅन म्हणजे पत्र्याचा डबा. वडप्याच्या गोडाऊनमधून माल भरायचा आणि ठाण्यात दुकानादुकानांत टाकायचा, हे माझं काम. आई गेल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या सीटवर बसायला लागले. कामतघरच्या त्या खोलीत एकटं बसून करणार काय? मलाही घरी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, चला, रस्ताभर दोघं बोलू.

बोलणं कसलं, डोंबल! आबांचा जन्म लूमवर, कापडाच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला, कान तिथंच गेले. वर व्हॅनची दारं खडखडायची. मी घसा फोडून ओरडायचो, ते मान डोलवायचे. संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसायचा आणि एक गोष्ट धड बोलून झालेली नसायची. सगळा राग मी दारांवर काढायचो.

स्पीकर बदलायचे होतेच. स्पीकरवाल्यानं सरळ सांगितलं, पत्रा थरथरतोय तोवर भारी स्पीकर टाकून काही उपयोग नाही. मग एका सुट्टीत दोन्ही दारांची कव्हरं खोलली. आतला पत्रा पुसून त्यावर थरथर थांबवणाऱ्या काळ्या, जाड, चिकट शीट रोलरनं दाबून बसवल्या, वर फोम, मग स्पीकर. बोटं सोलवटली. आबा स्टूल टाकून बघत होते. दार लावलं तर नुसतं धप्प. मी जाम खूश. आता हा माणूस माझं ऐकेल, असं मला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी निघालो. इतकी शांतता की इंडिकेटरची टिकटिक ऐकू यावी. जे ओरडून कधी बोलता आलं नव्हतं ते मी रस्त्यावर नजर ठेवून हळूच बोललो, की आईवाचून मला घरात करमत नाही. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, टाळतायत. वाईट वाटलं, रागही आला. मग त्यांच्या आवडीचं गाणं लावलं. त्यांनी दाराला तळवा लावला, जरा वर सरकवला, परत खाली आणला.

"गानं बंद परलं काय रं?"

गाणं फुल्ल चालू होतं. लूमवर हात ठेवून तो नीट चाललाय का हे कारागीर ओळखतो, हे मला लहानपणापासून माहीत. पण आबा गाणंही तसंच ऐकत होते, हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. ती थरथर मीच मारून टाकली होती. मी क्षणभर त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं, मी बोलतो ते तरी कळतं का?

"लूमवर कोन आयकतं? तोंड बघून समजायचं. तू सारका फुडं बघतंस."

म्हणजे इतके दिवस माझं मन राखायला ते मान डोलवत होते.

कशेळीला ट्रॅफिक लागलं. गाडी न्यूट्रलला टाकली, पूर्ण वळलो आणि आईबद्दलचं तेच पुन्हा बोललो, आवाज न चढवता. आबा माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले.

"मला पन न्हाय करमत," ते म्हणाले.

मागून हॉर्न सुरू झाले. पुढचा टेम्पो हलला आणि मला समोर बघावं लागलं. आबा मात्र सुटले होते. आई शेवटी काय बोलली, रात्री तिची हाक आल्यासारखी कशी वाटते, पहिल्यांदाच सगळं सांगत होते. एकेक शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता.

"आयकतंस ना?" त्यांनी विचारलं.

हो आबा, मी म्हटलं, रस्त्याकडे बघत.

त्यांनी पुन्हा विचारलं.