लाल ठिपका

साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही बायका गेम खेळायचे कंट्रोलर जोडायचो. जोडून झालं की झाकणाच्या आत प्रत्येकीने आपापल्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. माल परत आला, तर कुणाच्या हातचा ते लगेच कळायचं. माझा ठिपका लाल.

मग कंपनीचं दिवाळं निघालं. ती विकत घ्यायला दोन पार्ट्या हमरीतुमरीवर आल्या. एकदा दोन्हीकडची माणसं एकाच वेळी गाळा बघायला आली. कंपनी आमचीच होणार, असं दोघंही छातीठोकपणे सांगत होते. त्यातल्या एकाने परत आलेल्या मालातला एक कंट्रोलर उघडला. त्याचं बटण दाबलं की आतच अडकत होतं.

"सप्लायरने माल खराब दिला होता," आमचा सुपरवायझर घाईघाईने म्हणाला.

झाकणात लाल ठिपका होता. माझं डोकंच सटकलं.

"सप्लायरला कशाला मध्ये आणता? बटणाखालचं रबर मी तिरकं बसवलंय. द्या इकडे."

"वेडी आहेस काय गं? नोकरी जाईल ना!" शेजारची कुजबुजली.

गेली तर जाऊ दे. माझ्या ठिपक्यावर दुसऱ्याचं नाव मी चिकटू देणार नव्हते. त्या सगळ्यांसमोर मी रबर सरळ केलं, बटण दाबून दाखवलं आणि जुन्या ठिपक्याशेजारी नवा ठिपका दिला.

कंपनी आमची म्हणणारे त्या दिवशी गाळ्यात बरेच होते. चूक माझी म्हणणारी मी एकटीच होते.