गल्लीवार निवारा

माझ्या आईचा अपमान झाला. कमल तिचं नाव. २०२१च्या जुलैमधल्या महापुरात, निवारा केंद्रातल्या आमच्या दुसऱ्या सकाळी, चुलीपुढं, गावातल्या सगळ्या बायकांच्या देखत झाला. हे आधी लिहून ठेवते. कारण आता गावात कुणालाही विचारा, म्हणतात, "पुरात कुठली आलीय जात? सगळी एकच की."

न्हाय. एक नव्हतो.

निवारा म्हणून उघडलेल्या शाळेच्या मैदानावर पत्र्याखाली चुली मांडल्या होत्या. पीठ शहरातनं आलेलं. बायका सगळ्यांसाठी भाकरी थापत होत्या. आईनं पदर खोचला, हात धुतले, एका परातीपुढं बसली. पीठ मळलं. पहिली भाकरी थापून तव्यावर टाकणार, तेवढ्यात वरच्या गल्लीतल्या काकू आल्या. याच काकूंच्या शेतात आई दरवर्षी भांगलायला, तण काढायला जाते.

"कमळे, तुला कुणी सांगितलं भाकरी थापाय?"

"पाट मोकळा हुता वैनी, म्हणून बसले."

"भांडी घास की तिकडं. भाकरीला माणसं हायत."

मग त्यांनी आईच्या पुढ्यातली परात ओढली. पीठ टाकलं नाही हां. वाया कसं घालवायचं! शाळेमागं म्हशी बांधल्या होत्या, त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. कोण तरी म्हणालं, "म्हशीस्नी बी पूर आलाय की, खाऊ द्या." बायका हसल्या. आई उठली. नळावर गेली. पिठाचे हात घासून घासून धुतले. जणू घाण तिनंच केली होती.

आम्ही बौद्ध. पंचगंगेच्या काठाला गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची गल्ली. पाणी पहिलं आमच्यात शिरतं आणि शेवटी आमच्यातनं निघतं. पण बोटीतनं येताना मांडीला मांडी लावून आलो होतो. वरच्या गल्लीतली एक म्हातारी तर भीतीनं आईच्या कमरेला मिठी मारून बसली होती. बोटीत सोवळं कुणालाच आठवलं नाही. ते शाळेच्या फाटकात आठवलं. तिथं पंचायतीचा एक सदस्य उभा राहून हाळी देत होता, "गल्लीवार ऱ्हावा! वरली गल्ली हॉलात, मधली वर्गात. खालची गल्ली व्हरांड्यात." का? तर माणसं मोजायला बरं पडतंय. गाव पाण्यात गेलं, आणि यांनी गल्ल्या तेवढ्या कोरड्या उचलून आणल्या.

व्हरांड्यात पाऊस आडवा यायचा. अंथरुणं भिजायची. ती वाळवायची कुठं?

त्या दुपारी शहरातल्या शिवाजी पेठेतली तालमीची पोरं टेम्पो घेऊन आली. घराघरातनं गोळा केलेल्या भाकऱ्या, झुणका, ठेचा. त्यातला एक भाकऱ्यांची बुट्टी घेऊन व्हरांड्यात थबकला. "मावशी, हितं भिजत का बसलाय? आत जागा हाय की!" उत्तर सदस्यानं दिलं. "त्यांची गल्ली हाय ती, पावणं. तुमी बुट्टी ठेवा, आमी वाटतो." पोरगं गोंधळलं. बुट्टी ठेवून गेलं. शहराचा चांगुलपणा व्हरांड्यापर्यंत आला आणि तिथनं पुढं त्याचं वाटप गावाच्या हातात गेलं. आमच्या वाटणीच्या भाकऱ्या हॉलच्या उंबऱ्यावर आल्या. शेवटी.

पाठोपाठ तलाठी पाहणीला आले. सदस्य म्हणाला, "साहेब, समदं गल्लीवार बसवलंय." साहेब म्हणाले, "छान नियोजन."

छान!

मी अकरावीत होते. आमची सतरंजी गुंडाळली, काखेत मारली आणि हॉलच्या मधोमध नेऊन अंथरली.

हॉलातनं कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, तुझी गल्ली भाईर हाय."

"माझी गल्ली पाण्यात हाय. जावा, बघून या."

आई दारातनं हाक मारत होती, "गप ग बाई. ये भाईर. उद्या त्यांच्याच शेतात जायचंय आपल्याला." मी उठले नाही. आजूबाजूची अंथरुणं सरकली. बोटीतली ती म्हातारीसुद्धा सरकली. सरकू द्या. थोड्या वेळानं आई आत आली आणि माझ्या शेजारी बसली. पाठ भिंतीला नाही, माणसांकडं तोंड करून. पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो.

हे जुनं उगाळत नाही मी. आता पुनर्वसन आलंय. वरच्या गायरानात घरांसाठी प्लॉट पडणार, आणि पंचायतीत नकाशा लागलाय. बघितला. पुन्हा गल्लीवार! वरच्या गल्लीला रस्त्याकडेची जागा. आम्हाला ओढ्याकडंला, दर पावसात पाणी चढून चिखल होतो तिथं. ग्रामसभेत मी उभी राहिले. म्हणाले, सगळ्यांची नावं एका डब्यात एकत्र टाका, सोडत काढा.

सदस्य गोड बोलला. "जुनं शेजारी जवळ ऱ्हावंत, एवढीच भावना हाय ग. कशाला तेढ लावतीस गावात?"

शेजारी! ज्यांना आईचं पीठ चाललं नाही, त्यांना शेजार आठवला.

आई म्हणते, "मला त्यांच्या दाराला दार लावायची हौस न्हाय. पण म्हातारपणी पुन्हा बोटीत चढायची न्हाय." मग ठरलं. ओढ्याकडचा प्लॉट आम्ही घेणार नाही. ताबापावतीवर सही करणार नाही. सोडत निघेपर्यंत आमची सगळी गल्ली पंचायतीच्या पायरीवर बसणार. पुन्हा पाणी आलं तरी बसणार.

आणि तुम्ही? नदीकाठच्या कुठल्याही गावचे असा, कुठल्याही गल्लीतले असा. पूर आला की तुम्ही कपडे देता, ब्लँकेट देता, डोळ्यांत पाणी आणता. ते पुरे झालं. आपापल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला जा. मागं भिंतीला टेकू नका, उभे राहा. म्हणा, सोडत काढा. आणि तुमच्या घराचं नाव खालच्या गल्लीच्या नावांबरोबर एकाच डब्यात टाका. सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं.